व्याह्यांच्या बोटीतला व्हॉल्व्ह

सोमवार, ४ मार्च

लेकीचा सकाळीच फोन. ‘आई, बाबा एकटेच बोट दुरुस्त करत बसलेत. जरा जाऊन ये ना!’ बाबा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही. लेक-जावई परदेशात आणि आम्ही दोघं इथं, एकाच गावाच्या दोन टोकांना. वाढदिवसाला फोन करण्यापुरती ओळख.

गेले. व्याहीबुवा बोटीच्या पोटात, डोकं खाली, पाय वर. ‘या विहीणबाई! चहा देतो, पण आधी हा पाना धरता का?’ — काय हा मानपान!

भानगड अशी. बोटीच्या तळाला भोक आहे, इंजिन थंड ठेवायला त्यातून समुद्राचं पाणी आत घेतात. भोकावर व्हॉल्व्ह. तो उघडाच आखडून बसलाय. त्यावरचा रबरी पाइप जुना झालाय. तो निसटला तर पाणी अडवणार कशानं? बोट जागेवरच बुडायची!

त्यांची बायको, माझ्या विहीणबाई, गेल्यापासून बोटीला कुणी हात लावला नव्हता म्हणे. हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

मंगळवार, ५ मार्च

तेल सोडलं, वाट बघितली. पुन्हा तेल. ढिम्म!

गुरुवार, ७ मार्च

बाप रे, काय दिवस!

बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डवाल्यानं बजावलं होतं, ‘बोट उचलायला क्रेन मोकळी होईपर्यंत हात लावू नका.’ व्याहीबुवांना धीर कुठला! पान्यावर लांब नळी चढवून जोर लावला. व्हॉल्व्ह हलला नाही, वरचा पाइप मात्र सटकला — आणि पाण्याचा खांबच उभा राहिला! मी किंचाळले. ते ओरडले, ‘बूच! बूच!’ लाकडी बूच शेजारीच दोरीला बांधलेलं. त्यांचा पंजा त्या सांदीत शिरेना. माझा शिरला. डोळे मिटून दाबलं, पिळलं, पुन्हा दाबलं.

थांबलं पाणी.

घोटाभर पाण्यात दोघं उभे, ओलेचिंब. त्यांच्या चष्म्यावर शेवाळाची दोरी लोंबत होती. मला हसू फुटलं ते आवरेचना. मग तेही सुरू झाले. आमचे हे गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. पोट दुखतंय अजून.

मंगळवार, १२ मार्च

बोट क्रेननं उचलून यार्डात आणली. यार्डवाला म्हणाला, ‘कापून टाकू. नवा यायला महिना लागेल.’ व्याहीबुवांचं तोंड एवढंसं झालं.

म्हटलं, थांबा जरा. जन्मभर फिजिओथेरपी केली मी. आखडलेल्या खांद्याला हिसका दिला की तो जास्तच रुसतो. यार्डवाल्यानं व्हॉल्व्ह गरम हवेनं शेकला, मी मूठ धरली. केसभर इकडे, केसभर तिकडे.

‘दुखतंय का विचारा त्याला,’ व्याहीबुवा.

‘तुम्ही गप्प बसा. पेशंट घाबरेल!’

हात भरून आले. सोडून द्यावं असं वाटायला लागलं, आणि तेवढ्यात — कर्र! फिरला! पुरता फिरला! मी आत टॉर्च धरून मूठ उघड-बंद करत होते आणि व्याहीबुवा बोटीखाली वाकून भोकात बघत होते. ‘उजेड आला! गेला! आला हो, आला!’ अख्खं यार्ड काम टाकून बघायला लागलं.

खोलून साफ केला, ग्रीस भरलं. पाइप नवा.

शनिवार, १६ मार्च

बोट पाण्यात. तळ कोरडा ठणठणीत! शीड उघडलं आणि त्यांनी सुकाणू सरळ माझ्या हातात दिलं. ‘मला येत नाही हो!’ ‘मग मला तरी कुठं जन्मतः येत होतं?’ वारा असा की पुढचं काही ऐकूच आलं नाही. दोघंही नुसते हसत होतो. घरी आले तेव्हा गालांवर मीठ.

रविवार, १७ मार्च

व्याहीबुवांनी आज लग्नाचं विचारलं. भर धक्क्यावर, दोर गुंडाळता गुंडाळता. मी हो म्हटलं!

लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘म्हणजे आता तू माझी सासू?’