मुकी गाडी

४ फेब्रुवारी

आली एकदाची. लेकीने अंगणात उभी केली आणि दोन्ही दारं वर उचलली, पंख उभारावेत तशी. मी उंबऱ्यातच थांबलो. ही म्हणाली, "अहो, पुढे व्हा की. चावणार नाही ती."

गाडी म्हणावी तर गाडी नाही. पुढून रुंद, मागे निमुळती. मागची चाकं झाकलेली. बाहेर आरसे नाहीत — त्या जागी बोटाएवढे कॅमेरे, मागचं चित्र आत दारावर दिसतं. घरातल्या प्लगला वायर लावायची, सकाळपर्यंत बॅटरी भरते. जवळची कामं तेवढ्यावर होतात. बॅटरी उतरली किंवा मोठा चढ लागला की मागचं छोटं इंजिन पेट्रोलवर सुरू होतं. दोन्ही मिळून एका लिटरला शंभर किलोमीटर म्हणे. मी जन्मभर टॅक्सी चालवली, पण असली थाप गिऱ्हाइकालाही मारली नाही.

गाडी आपली नाही, कंपनीची. अजून विकायला निघालेली नाही. लेकीने ती रोज चालवायची आणि रस्त्यावर कशी वागते ते कळवायचं, हेच तिचं काम. सहा महिने नीट गेले तर नोकरी पक्की. नाहीतर पुन्हा शाळेची बस चालवायची. हे तिने सांगितलं तेव्हा मला दोनदा विचारावं लागलं. हल्ली सगळेच तोंडातल्या तोंडात बोलतात.

५ फेब्रुवारी

प्लगला हात लावून पाहिला. गरम नव्हता. पुन्हा जाऊन पाहिला. बोर्डावर पाणी उडालं तर? हिला विचारलं. "तुम्ही उडवू नका म्हणजे झालं," म्हणाली.

७ फेब्रुवारी

सगळी गल्ली लोटली. शिंपी वाकून चाकं शोधत होता. शेजारीण म्हणाली, इस्त्रीच वाटते हो, उलटी केली की कपडे होतील. लेक सगळ्यांना न कंटाळता समजावत होती. मला कुणी काही विचारलं नाही. एके काळी याच गल्लीतली माणसं बॉनेट उघडून माझ्या दारात उभी राहायची.

ते सहन झालं नाही. मोठ्याने म्हणालो, "आवाज कुठाय हिला? जिला आवाज नाही तिला जीव नाही. मुकी गाडी आहे ही." सगळे हसले. लेक हसली नाही, वायर गुंडाळत राहिली.

चारचौघांत पोरीच्या कामाला नावं ठेवली. काय मिळवलं? जेवताना तिच्याकडे बघवेना. ती काहीतरी बोलत होती, मी नुसती मान हलवली.

१० फेब्रुवारी

टॅक्सी स्टँडवर जाऊन बसलो. तिथे मला अजून उस्ताद म्हणतात. बाकी काही उरलं नाही, तेवढं उरलंय. गाडी नुसती समोरून गेली तरी सांगायचो — पट्टा सैल आहे, बेअरिंग गेलंय. कानाची कमाई ती. शाळा चौथीत सुटली, पण कान शिकलेला होता.

पोपट — सारखा बोलतो म्हणून पोपट — म्हणाला, "उस्ताद, तुमची लेक काल चढावर दिसली. गाडी शिवणयंत्रासारखी टरटरत होती."

"ती मुकी आहे. टरटर तुझ्या टाळक्यात आहे."

सगळे खिदळले. पोपट माझ्याकडे बघत राहिला. गप्प. असं त्याचं कधी होत नाही.

१४ फेब्रुवारी

लेकीला म्हणालो, मलाही एकदा ने. तिचा चेहरा असा खुलला की मला माझीच लाज वाटली. एवढंच तर हवं होतं तिला.

१५ फेब्रुवारी

अक्षर मलाच लागत नाही.

सकाळी निघालो. आत बसलं की जमिनीवर बसल्यासारखं. छान चालवते पोर, पाणी वाहावं तशी. धक्का नाही, घाई नाही. माझ्याच शेजारी बसून शिकली. मनात म्हटलं, परत येताना सांगू तिला.

मोठा चढ आला. ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, आता इंजिन सुरू होईल बघा. ऐका." मी ऐकायला लागलो. चढ सुरू झाला. काही नाही. अर्धा चढ आला. काही नाही! गाडी मंदावल्यासारखी वाटली. चढावर बंद पडलेली गाडी मागे कशी सुटते ते मी पाहिलंय. एकदा आत बसून पाहिलंय. मधला हँडब्रेक मी दोन्ही हातांनी ओढला.

गाडी जागीच फिरली. मागून टेम्पो येऊन आदळला. मागची बाजू अंड्याच्या टरफलासारखी फुटली. कुणाला लागलं नाही. पोरीच्या कपाळावर टेंगूळ तेवढं.

माणसं जमली. मी खाली उतरलो आणि कुणावर ओरडलो? टेम्पोवाल्यावर. "हॉर्न द्यायला काय झालं होतं तुला?" तो बिचारा म्हणाला, "दिला ना काका. शपथेवर सांगतो, दोनदा दिला." मी त्याला खोटारडा म्हणालो. माणसांनीही त्यालाच धरलं, म्हाताऱ्याशी खोटं बोलतोस म्हणून. लेकीने मला बाजूला घेतलं. माझ्याकडे बघत होती, पण रागाने नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी

तिने कंपनीला कळवलं, ब्रेक तिच्याच हातून ओढला गेला. माझं नावच घेतलं नाही.

ही म्हणाली, "अगं, असं कसं ओढला गेला? तू तर इतकी सांभाळून चालवतेस."

"ओढला गेला, आई."

मी तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो.

१८ फेब्रुवारी

सोमवारी तिला हेड ऑफिसला बोलावलंय. काढून टाकतील असं ती आईला म्हणाली. मला ती सांगत नाही. मला ही सांगते, तेही खांद्याला हात लावून, लहान मुलाला सांगावं तसं.

अंगण रिकामं आहे. प्लगची वायर खुंटीवर. आता हात लावून बघायलाही काही नाही.

२० फेब्रुवारी

स्टँडवर आधीच बातमी. जाड्या म्हणाला, "कंपन्या बायकांच्या हातात असली यंत्रं देतात, मग हे असं होतं." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, गाढवा, हात माझा होता. मी म्हणालो, "गाडीच बरी नाही ती." गाडीवर ढकललं! लेकीला वाचवलं असं वरून स्वतःला सांगितलं. वाचवलं कुणाला ते मला ठाऊक आहे.

‘उस्ताद’ या हाकेला ओ दिली आणि उठून आलो. घास उतरत नाही.

२१ फेब्रुवारी

पोरीने मला वाचवलं ते माझ्या नावासाठी. उस्तादाने घाबरून ब्रेक ओढला हे स्टँडवर कळू नये म्हणून. दुसरं काय कारण असणार? त्या नावापायी तिची नोकरी जाणार. हिला सगळं सांगितलं. ही रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मग बसलात कशाला? सोमवारी सदरा मी काढून ठेवते."

२३ फेब्रुवारी, सोमवार

तिच्यासोबत गेलो. सोडायला येतोय असं तिला वाटलं. काचेची खोली, लांब टेबल. पलीकडे तिच्या साहेब बाई, माझ्या पोरीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. लेक बाहेर थांबा म्हणाली, पण मी आत शिरलो आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. "ब्रेक मी ओढला. हिचा दोष नाही. गाडी चढावर बंद पडली म्हणून ओढला."

बाई म्हणाल्या, "बंद पडली असं का वाटलं तुम्हाला?" हे त्यांनी मोठ्याने म्हटलं, दुसऱ्यांदा.

"इंजिन सुरूच झालं नाही. मी कान देऊन बसलो होतो. चाळीस वर्षं गाडी चालवली बाई, मला कळतं."

बाई काही बोलणार होत्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने मान हलवली, नको अशी. मग त्या दोघी खिडकीपाशी जाऊन बोलल्या. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत बसलो. म्हटलं, आता दोघांनाही बाहेर काढतात.

काढलं नाही. बाई माझ्यासमोर बसल्या, हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, लेक काम चालू ठेवेल, गाडी दुरुस्त होऊन येईल. "तुम्ही येऊन सांगितलंत ते बरं केलंत, काका. आणि पुढच्या वेळी हात मांडीवर." हसल्या. मीही हसलो, रडू येत होतं तरी.

बसमध्ये लेकीने माझा हात धरून ठेवला. नोकरी वाचली तरी तिचा चेहरा उतरलेलाच. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

२५ फेब्रुवारी

स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. जाड्या पोट धरून हसला, म्हणाला आता तुम्हाला हँडब्रेक म्हणू. म्हणा. पोपट तेवढा हसला नाही. जवळ सरकून कानाशी काहीतरी पुटपुटला. मी हो हो म्हणालो. छाती हलकी झाली. रात्री पोटभर जेवलो.

२ मार्च

गाडी परत आली. लेकीने मागचं झाकण उघडलं, माझा हात धरून आत ठेवला. बोटं थरथरायला लागली, कोपरापर्यंत. इंजिन चालू होतं. हिने कानांवर हात घेतले होते. शेजारणीने वैतागून खिडकी लावून घेतली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

लेक कानाला तोंड लावून म्हणाली, "त्या दिवशीही चालू होतं, बाबा."

म्हणजे टेम्पोवाल्याने हॉर्न दिला होता.