मास्तरांची माफी

प्रिय आई,

प्रभूमध्ये तुला सलाम. बाबांना दोन, म्हणजे ते रुसणार नाहीत.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही बहुतेक होते.

मी ज्या आजोबांची देखभाल करते, ते निवृत्त मास्तर. काल त्यांनी सुपाचा वाडगा माझ्या अंगावर फेकला. भाजलं नाही, घाबरू नकोस. पण माझी जीभ तुला माहीत आहे! "राहा मग उपाशी," मी म्हणाले आणि दार आपटून स्वयंपाकघरात गेले.

तिथे फार लाज वाटली. देवासाठी पवित्र जगेन असा शब्द दिला होता ना मी? प्रार्थना केली आणि परत जाऊन त्यांची माफी मागितली.

ते म्हणाले, "चूक माझीच होती. तुला हे कोणी शिकवलं?"

"देव शिकवतोय, रोज थोडं थोडं. पण मी ढ आहे."

ते खो खो हसले. "पोरी, चाळीस वर्षं शिकवलंय मी. मास्तर कंटाळला नाही, तर ढ मुलंही पास होतात."

मग मी पुन्हा आणलेलं सगळं सूप ते प्यायले. देवाने मला इथे पाठवलंय ते बहुतेक याचसाठी.

तुझे गुडघे कसे आहेत? प्रार्थनेला खुर्चीवर बसत जा, देवाला चालतं.

अजून शिकत असलेली,
तुझी धाकटी