नाक्यावरची पदवी

३ मार्च
आठ दिवस झाले परत येऊन. पोलंडची थंडी अजून हाडांत आहे, आणि इथे वेवजीत दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.
आज डहाणूला कॉलेजात. पोलंडची गुणपत्रिका ऑफिसच्या मोरेभाऊंपुढे ठेवली. पाच विषय, पाचही पास, तीस क्रेडिट. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "तीस? आपल्याकडे बावीसच असतात. जास्तीचे कुठून आणलेस?" म्हटलं, त्यांची मोजायची रीत वेगळी. "मग आपल्या रीतीत बसव आणि घेऊन ये." मी बसवू?
पाचवं सेमिस्टर इथे दिलंच नाही, तिकडे केलं. ते यांनी धरलं तर जूनमध्ये बीएस्सी. नाही धरलं तर... धरतील. न धरायला काय झालं.

७ मार्च
तलासरी नाक्यावर उतरले नि समोर मी. दहा फुटांची. रमेशकाकाने (बाबांचा धाकटा भाऊ) आपल्या पंक्चरच्या दुकानावर फ्लेक्स लावलाय. "परदेशातून पदवी घेऊन आल्याबद्दल कु. वनिता हिचे हार्दिक अभिनंदन!" अंगात मैत्रिणीचा लाल कोट, मागे विमान आणि आयफेल टॉवर. पॅरिस मी नकाशातच पाहिलंय.
"काका, पदवी मिळाली नाही अजून. एकच सेमिस्टर होतं."
"त्याला कय होते? उद्या मिळेल, आज लावला."
आणि परत टायरमध्ये डोकं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

२१ मार्च
माझे कागद समकक्षता समितीकडे गेलेत. पुढे नुसतं 'समिती' लिहीन, पूर्ण लिहायचाही कंटाळा येतो.
समिती विषयांची नावं जुळवते. तिकडचा 'दलदलीतल्या वनस्पती' आपल्या कुठल्याच पेपराच्या नावाशी जुळत नाही. आत शेवाळं तीच! अख्खा अभ्यासक्रम पोलिशमधून इंग्रजीत करून दिला, तर आता घोडं जर्नलवर अडलंय. तिकडे आम्ही गुडघाभर चिखलात उभं राहून नमुने काढले, बाई बघायच्या, चुकलं तर परत चिखलात. जर्नल नावाचा प्रकारच नव्हता. मी दाबून वाळवलेले नमुनेही विमानात आणू दिले नाहीत.
समितीच्या मॅडम शांतपणे, "सहीचं जर्नल नाही म्हणजे प्रॅक्टिकल झालं नाही."
"मॅडम, प्रॅक्टिकलचे मार्क आहेत ना त्यात."
"मार्क आहेत गं. जर्नल कुठंय?"

४ एप्रिल
मला तिकडे पाठवलं ते आमच्या कॉलेजच्या सावेसरांनी. आता बदली होऊन लांब गेलेत. फोन केला. समिती म्हणते, जाण्याआधी लेखी मंजुरी हवी होती. सर म्हणाले, "अगं, प्राचार्यांना मी तोंडी विचारलं होतं. हो म्हणाले होते ते."
प्राचार्यांना आठवत नाही.
सरांचा आवाज इतका पडला की मीच म्हटलं, असू द्या सर. फोन ठेवल्यावर राग आला. कुणावर ते ठरेना.

२६ एप्रिल
सहाव्या सेमिस्टरचे पेपर संपले. चांगले गेले. चांगले जाऊन करायचं काय?
कैनाडची आत्या पिंकीला घेऊन आली होती. पिंकी बारावीला. नाक्यावर उतरून फ्लेक्ससोबत फोटो काढून आलेली. "ताई, मलापण जायचाय." जा म्हणवेना, नको म्हणवेना. भात वाढला.

१४ मे
मोरेभाऊंनी परवा नाक्यावरून जाताना फ्लेक्स पाहिला. आज सगळ्या ऑफिसदेखत, "पदवी तर घेऊन आलीस म्हणे, मग आमच्याकडे कशाला खेपा?" हसले सगळे. मीही हसले. लाज वाटली हसल्याची.
बाबा रोज बोर्डीच्या चिकूवाडीतून येतात, हाताचा चीक घासत विचारतात, "आज कय झाला?" मी म्हणते, चालू आहे. ते मान हलवतात. सेमिस्टर, क्रेडिट त्यांना कळत नाही. एका परीने बरंच आहे.

२ जून
निकाल. सहावं पास. पाचव्याच्या जागी 'राखीव'.
मॅडमनी सांगितलं, पाचांतले दोन विषय समिती धरेल, तीन नाही. आणि दोन विषयांचं सेमिस्टर होत नाही. म्हणजे काहीच धरलं नाही. ज्युनियर पोरींबरोबर पाचवं परत द्यायचं, नाहीतर फेरअर्ज. पुढची बैठक? "कळवू."
एमएस्सीचा फॉर्म अंतिम निकालाशिवाय भरता येत नाही. वर्ष गेलं.
डहाणूच्या एसटी स्टँडवर बसून रडले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बाय, गाडी गेली का?" हो म्हटलं.

९ जून
वाऱ्याने फ्लेक्सचा कोपरा फाटला. काकाने उतरवून घरी आणून टाकला. सुटले एकदाची. फेरअर्ज दिला नाही अजून. हातच उठत नाही.

१३ जून
पेंढ्याच्या पडवीवर घालायला बाबांनी तोच फ्लेक्स घेतला. सगळ्यांचीच छपरं असल्या फ्लेक्सनी झाकलेली, आमदारांपासून वाढदिवसवाल्यांपर्यंत. खालून बांबू धरायला गेले, वर बघते तर माझंच तोंड. छापील बाजू आत! लाल कोट, आयफेल टॉवर, 'पदवी'.
"बाबा, उलटा घातलात."
"उलटा नाय. फोटू पावसानं खराब होल." सुतळी आवळत होते, माझ्याकडे न बघता. "पदवी आली का परत नाक्यावर लावू."
आली का, आल्यावर. म्हणजे आली नाही, हे यांना ठाऊक आहे. कधीपासून?
बांबू धरून तशीच उभी राहिले, गाठ बसेपर्यंत.