दुमडलेला कोपरा

धाकटे,

माझं पेन्शन सात महिने अडकलंय. आज पुन्हा माझ्याच जुन्या ऑफिसात गेले. माझ्या खुर्चीवर आता मीच शिकवून तयार केलेली मुलगी बसते. म्हणाली, "मॅडम, तुमच्या फाइलचा कोपरा सरळ आहे हो." जिभेवर आलं होतं, "लाज नाही वाटत?" पण गिळलं.

तुला हे कधी सांगितलं नाही. बाहेर शिपायाकडे पैसे पोचले की तो फाइलचा कोपरा दुमडायचा. मी एक पैसा घेतला नाही, हे तू सगळ्यांना मिरवत सांगायचीस. पण तीस वर्षं मी दुमडलेल्या फाइली आधी काढल्या आणि सरळ कोपऱ्याच्या खाली सरकवल्या. साहेब ओरडत नसत, मी वेळेवर घरी पोचत असे.

तुझा नवरा गेला तेव्हा तू विचारलंस, "ताई, तू तिथेच बसतेस ना? मग माझा पेन्शनचा अर्ज कुठे अडलाय?" मी कॉन्व्हेंटात शिकलेल्या शिस्तीच्या तोऱ्यात म्हणाले, "रांगेत ये. मी वशिला लावत नाही." रांग नव्हतीच गं. तुझा अर्ज अडकला त्या अकरा महिन्यांत तुझ्या लेकीचं कॉलेज सुटलं आणि तू माझ्याशी बोलणं सोडलंस.

आज मी हात पुढे करून माझ्या फाइलचा कोपरा स्वतःच दुमडला. मुलीने काही न विचारता फाइल सर्वांत वर ठेवली. मला वाटलं होतं, निदान लाज तरी वाटेल. काहीच वाटलं नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तू एवढंच विचारशील, "मग माझा का नाही दुमडलास?"

तुझी,
ताई