दोन बटणं

सातपूर, नाशिक
६ फेब्रुवारी १९८३

चि. लहानू यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला यांच्याच कंपनीतून इंटरव्ह्यूचा कॉल आल्याचं कळलं. पॅंटला इस्त्री करून ये आणि साहेबांपुढे ‘व्हय’ म्हणू नकोस.

तुझ्या दाजींची जखम भरतेय. प्रेस मशीनने उजव्या हाताची तीन बोटं नेली, त्याला सात आठवडे झाले. आईला घोर नको म्हणून एक गोष्ट लिहिली नव्हती. यांच्यावर चौकशी बसली आहे. प्रेस दोन बटणं एकदम दाबल्यावर चालते. एका बटणात लाकडाची पाचर ठोकली की काम भराभर होतं, पण एक हात मोकळा राहतो आणि आत जातो. कंपनी म्हणते, पाचर यांनीच आपल्या मर्जीने मारली. हे म्हणतात, सुपरवायझरने मारायला लावली. लाइनवरचं कोणी तोंड उघडत नाही. चूक यांची ठरली तर नोकरी जाईल. तेव्हा तिथे दाजींचं नावही काढू नकोस.

आईला जप. माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझी अक्का, लता


देवळा
१२ फेब्रुवारी १९८३

ती. अक्कास लहानूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी नाशिकहून परतल्यावर हाती पडलं. कांदे काढायचे होते म्हणून तुमच्याकडे न थांबता आलो होतो. थांबलो असतो तरी उशीरच झाला होता.

साहेबांनी विचारलं, प्रेसला दोन बटणं कशाला? मी म्हटलं, दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. मग विचारलं, काम लवकर हवं असेल तर? बाहेर शंभर आयटीआयवाले बसलेले. पुस्तकात नसलेलं काही सांगावं म्हणून मी पाचरीचं सांगितलं. कोणी शिकवलं म्हणाले, तर छाती फुगवून दाजींचं नाव सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि माझी पाठ थोपटली.

अक्का, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. मला टाकू नका.

तुझा लहानू


सातपूर
२ मार्च १९८३

चि. लहानू यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं बोलणं काल चौकशीत वाचून दाखवलं, की हा माणूस घरीसुद्धा पाचर मारायला शिकवतो. पुढची तारीख शेवटची आहे. तुझी नोकरीची ऑर्डर तिथेच यांच्या हाती दिली, ती सोबत पाठवते, सोमवारी हजर व्हायचं आहे.

खरं सांगते, मला तुझा फार राग आला. ऑर्डर चुलीत घालणार होते. यांनी हातातून घेतली आणि म्हणाले, एकाची जातेय तर दुसऱ्याची तरी राहू दे, त्याला रुजू व्हायला सांग. मी सांगितलं. पुढे तुझं तू बघ.

रागावले तरी बहीणच आहे.

लता


देवळा
९ मार्च १९८३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

सोमवारी कंपनीत गेलो, पण रुजू व्हायला नाही. दिवाळीत दाजी म्हणाले होते, सुपरवायझर पाचर मारायला लावतात, तू कुठेही लागलास तरी मारू नकोस. मी त्यातलं अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं सुपरवायझरच्या नावासकट लिहून नेलं. साहेब म्हणाले, हा कागद दिलास तर ऑर्डर विसर. मी कागद दिला, शिक्का मारून घेतला आणि ऑर्डर टेबलावर ठेवली.

तुमच्या गल्लीपर्यंत आलो होतो. दाजींना तोंड दाखवायचा धीर झाला नाही, तसाच स्टँडवर गेलो.

मनातून उतरलो असेन तरी पत्र लिहीत जा.

लहानू


सातपूर
३ एप्रिल १९८३

चि. लहानू यास सहादूचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

डाव्या हाताने लिहितोय, दोन दिवस लागले. तुझा कागद चौकशीत वाचल्यावर सावळीराम आणि लाइनवरचे आणखी चौघे बोलायला उभे राहिले. मला परत घेतलं, स्टोअरमध्ये. तुझ्या जागेवर निफाडकडचा एक मुलगा आलाय. चांगला आहे बिचारा, पण तो समोर दिसला की माझा डबा तसाच घरी येतो.

धाकट्याला आशीर्वाद लिहायचे असतात. तुझी अक्का म्हणाली, नमस्कार चुकून पडलाय, खोडा. मी खोडत नाही.

तुझा दाजी,
सहादू