पत्र्यात कोंडलेलं

सोमवार, ३ तारीख
लागली एकदाची नोकरी! एनॅमलच्या भांड्यांचा कारखाना आणि मी तपासनीस. भट्टीवाल्या काकांनी सगळं फिरवून दाखवलं. पत्रा आधी ॲसिडच्या हौदात दहाच मिनिटं बुडवतात. जास्त राहिला तर हायड्रोजन पोलादात शिरून बसतो आणि भट्टीनंतर चार-चार दिवसांनी एनॅमलचे टवके उडवत बाहेर येतो. म्हणून तयार माल आठ दिवस फळीवर ठेवायचा, मगच शिक्का. मी म्हटलं, म्हणजे भांड्यांनाही बाळंतपणाची रजा. काका हसले नाहीत.

गुरुवार, ६
घोळ झाला. हौदावरचा माणूस घड्याळ माझ्यावर सोपवून जेवायला गेला. तेवढ्यात घरून ह्यांचा फोन, आमची चिऊ घास गिळेना. चार वर्षांची आहे, गोष्ट सांगितल्याशिवाय जेवत नाही. मी गोष्ट सांगत बसले आणि पत्रे चाळीस मिनिटं ॲसिडमध्ये राहिले. कुणी पाहिलं नाही. नोकरी कच्ची, मीही तोंड उघडलं नाही.

शनिवार, ८
त्याच पत्र्याच्या शंभर वाट्या भट्टीतून निघाल्या, आरशासारख्या लख्ख. बालवाडीच्या ऑर्डरची घाई होती. आठ दिवस न थांबता शिक्का मारला. वरची एक चिऊला आणली. पोरगी खूश, दूध तिच्यातूनच पिते.

बुधवार, १२
दूध पिताना वाटीतून टिक आवाज आला. तळाशी नखाएवढी चंद्रकोर उडालेली, खाली काळं पोलाद. टवका कुठेच नाही. चिऊने दूध संपवलं होतं. तिला उचलून दवाखाना गाठला.
डॉक्टरांनी पोटाचा एक्स-रे काढला. म्हणाले, पोटात काहीच नाही. हे म्हणाले, बघ, उगाच घाबरतेस.
घरी तिच्या पाठीला कान लावला. टिक.

गुरुवार, १३
काकांचे पाय धरले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पोरी, कोंडलेलं बाहेर पडणारच. पत्र्यात असतं तोवर मला कळतं. पुढचं मला नाही ठाऊक."
बालवाडीला फोन केला. बाई म्हणाल्या, सगळ्या वाट्यांना चंद्रकोरी पडल्यात, टवका एकही सापडत नाही. आणि मुलं खेळता खेळता थबकतात, काहीतरी ऐकतात —

शुक्रवार
चूक माझी. मला होऊ दे, तिला नको. रडत नाही ती, दुखतही नाही म्हणते — गाल ताणलाय, चकाकतोय —
हे गाडी आणायला गेलेत. मी तळव्याने गाल दाबून धरलाय, डाव्या हाताने लिहितेय. आतून ढकलतंय. चिऊ म्हणते, आई, हात काढ ना, त्याला बाहेर —