भिंत उठेपर्यंत गप्प बसले

शुक्रवार, संध्याकाळ. वरवट बकाल.

निकाल लागला. शेजारच्या सुधाकरभाऊंची भिंत तशीच राहणार आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बंदच. भिंत पाडायचा हुकूम नाही, फक्त नुकसानभरपाई. उजेडाचे पैसे घ्या आणि अंधारात बसा.

वकीलसाहेब म्हणाले, "ताई, पाया खोदला तवाच मनाई हुकूम मागायले पायजे होता. भिंत पूर्ण झाल्यावर आल्या तुम्ही. कोर्ट विचारते, इतके दिवस काऊन गप्प होत्या?"

काऊन? सुधाकरभाऊंच्या पोरीचं लग्न होतं म्हणून. मांडवाच्या दारात कोर्टाची नोटीस धाडायची? माझ्यानं नाही झालं. तेही म्हणाले होते, "लग्न होऊ द्या वहिनी, मंग बसून पाहू." मांडव असतानाच गवंडी कामाला होता. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं, त्याच खिडकीतून.

हे सगळं कोर्टात सांगितलं. पण उशीर तो उशीर. शेजारधर्माला तिथं कोण विचारतं?

आज भरदुपारी चहा ठेवायला दिवा लावावा लागला. आणि त्या लग्नाचे पापड मी याच खिडकीच्या उजेडात लाटले होते.